महिपत जेवला नाही

आमच्या कोळीवाड्यात माणूस वाटेत भेटला की पहिलं विचारतात, 'जेवलास का?' आणि जेवणं म्हणजे भात. या शब्दाला आमच्याकडे दुसरा अर्थ नाही. सकाळपासून तुम्ही उकडलेली अंडी, तळलेली कोलंबी, दोन पाव आणि वर चहा असं सगळं हाणून ढेकर दिलेला असला, तरी भात पोटात गेला नसेल तर तुम्ही जेवलेले नाही. काहीतरी खाल्लंय, एवढंच. या एका शब्दापायी माझा नवरा पुढारी झाला आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. त्याचं नाव महिपत. नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घ्यायची आमच्यात रीत नाही, पण त्या दिवसांत सगळं ठाणं त्याला नावानेच ओळखत होतं, मग मीच का मागे राहू?

गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची. आमचा कोळीवाडा कळव्याला, खाडीच्या कडेला. महिपत होडी घेऊन जायचा, मी ठाण्याच्या बाजारात मासळी विकायचे. त्याच्यासारखा भात जेवणारा माणूस मी पाहिला नाही. ताटात भाताचा असा ढीग लागायचा की समोर बसलेल्याला महिपतचं फक्त कपाळ दिसायचं. मी वाढत जायचे, तो 'आजून' म्हणत जायचा. 'पुरे' हा शब्द शिकवला त्या दिवशी तो बहुतेक शाळेत गेला नव्हता. माझी सासू जनाबाई याचं कौतुक साऱ्या गल्लीला सांगायची. तिच्या मते पोराची ढेरी ही तिची कमाई होती, आणि ती दिवसेंदिवस वाढत होती.

मग एका ओहोटीला तो होडीतून उतरला आणि चिखलात रुतला. आमच्या काठाला पायऱ्या नव्हत्या. बायामाणसं पाट्या डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून वर यायची. बाकीचे गुडघ्यापर्यंत जायचे, महिपत कमरेपर्यंत गेला. जितका हलला तितका आत गेला. पोरांनी नांगराचा दोर त्याच्या काखेत बांधून ओढायला सुरुवात केली, तोवर भरती लागली. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं. मी काठावर उभी राहून ओरडत होते, आणि काय ओरडत होते ते मला आजही आठवत नाही. शेवटी माझ्यासकट अर्ध्या कोळीवाड्याने दोर धरला तेव्हा तो मोकळा झाला. त्याची विजार चिखलातच राहिली. लोक हसले, तोही हसला. मला हसू आलं नाही. मला त्या दिवशी कळलं की हा माणूस मी वाढलेल्या भाताने मरणार आहे.

एक डॉक्टर होता. त्याची आई माझं जुनं गिऱ्हाईक. तो अमेरिकेतून पोट लहान करायचं ऑपरेशन शिकून आला होता, पण इथे कुणी पोट द्यायला तयार नव्हतं. आपल्याकडे देवाला नवस बोलतात तो पोट भरावं म्हणून, शिवावं म्हणून कोण बोलणार? एकदा तो आईबरोबर बाजारात आला. महिपत माझी पाटी उतरवून धापा टाकत बसला होता. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिला. चांगली सुरमई दिसल्यावर गिऱ्हाईक बघतं, तसा. म्हणाला, "गोदाबाई, यांचं ऑपरेशन मी फुकट करतो. माझे पहिले पेशंट."

त्याने आम्हाला दवाखान्यात बोलावलं आणि समजावून सांगितलं. टेबलावर शेंगदाण्यांची कागदी पुडी होती, तिच्यावर त्याने स्टेपलरने खटाखट पिनांची रांग मारली. वर चिमूटभर दाण्यांची जागा उरली.

"हे तुमचं पोट," डॉक्टर म्हणाला.

महिपतने पुडी हातात घेऊन सगळीकडून बघितली. "आनि खालचं?"

"खालच्यात जायला एक बारीकसं दार राहील."

"मंग भात कंच्या दारान जायाचा?"

"भात नाही." डॉक्टरने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "कार्बोहायड्रेट बंद. भात, भाकरी, पाव, बटाटा, साखर, गोड रस, सगळं बंद. मासे खा, अंडी खा, ताक प्या. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. भात फुगतो, दारात अडकतो. जबरदस्तीने ढकललात आणि पिना सुटल्या तर पेशंट हाताला लागत नाही."

"कवांपरत?"

"मी सांगेपर्यंत."

महिपतने पुडी टेबलावर ठेवली. मला वाटलं, उठणार आणि जाणार. पण छातीला लागलेलं पाणी त्यालाही आठवत असावं. त्याने पुडीच्या वरच्या चिमूटभर दाण्यांतला एक काढून तोंडात टाकला आणि म्हणाला, "करा."

ऑपरेशन गणपतीनंतर झालं, आणि चांगलं झालं. आधी गाळलेलं माशाचं पाणी, मग उकडलेली बोय मासळी, अंडं, ताक. सहा वेळा वाटी भरायची, सहा वेळा घासायची. महिपत बारीक होऊ लागला. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर तो मावत नव्हता, म्हणून त्याला लाकडाच्या वखारीत नेऊन तोलायचो. दर खेपेला वखारवाला समोरच्या पारड्यातला एक ओंडका उतरवायचा. गाल गेले, ढेरी गेली, गळ्याखालचं कातडं सैल होऊन लोंबायला लागलं. श्वास मात्र मोकळा झाला. रात्री त्याचं घोरणं मध्येच थांबायचं आणि मी उठून बसायचे, ते बंद झालं. मी एकवीरेला नारळ ठेवला.

पण तो सुखी नव्हता. सहावी वाटी चाटून झाली की माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "गोदे, आज पन जेवलो नाय."

दुपारी साऱ्या कोळीवाड्यात भात शिजतो. त्या वेळेला तो प्रत्येक खिडकीखाली थोडा थोडा उभा राहायचा. मी घरातला भाताचा टोप घासून फळीवर पालथा घातला. सासू लेकीकडे जेवायला लागली, जाताना मला चार शब्द सुनावून. मी एकदा शेजारी रंगूबाईकडे चोरून जेवले. हात साबणाने दोनदा धुतला. घरी आले तर महिपतने माझा हात धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून वास घेतला.

"जेवून आलीस," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. त्याचा आला, डॉक्टरचा आला, तांदळाचा आला. त्या दिवसापासून मीही भाताला हात लावला नाही. त्याच्या वाट्या भरून उरलेलं काहीबाही खाऊन मी बाजाराला जायचे.

जनाबाई काही स्वस्थ बसणारी नव्हती. पोरगा भाताशिवाय मरणार, अशी तिची खात्री होती, आणि सून ते मुद्दाम करते आहे अशी दुसरी खात्री. एकदा तिने मोठ्या प्रेमाने उकडलेली बोय आणली. मी ती फोडली तर पोटात गच्च भात भरलेला.

"आय, यो काय?" मी विचारलं.

सासूने माशाकडे बघितलं. "मना काय ठावं? माशान खाल्ला आसंल."

आता दामाजी. दामाजी आमच्या कोळीवाड्याचा पुढारी. निवडून तो कधी आला नाही, पण पडायचा अनुभव दांडगा. काठाला पायऱ्या बांधून द्या म्हणून तो किती वर्षं अर्ज करत होता कोण जाणे. एक दिवस पालिकेच्या ऑफिसातून एक कारकून जागा बघायला आला. जागा बघायला आला म्हणजे दुरून चिखल बघून रुमाल नाकाला लावून उभा राहिला. शेजारी दगडावर महिपत बसला होता. अंगावर जुनाच सदरा, त्यात आता दोन महिपत मावले असते.

कारकून त्याच्या लोंबत्या गळ्याकडे बघून चरकला. "काय झालं यांना? आजारी आहेत का?"

महिपतने कधी खोटं बोललेलं मला माहीत नाही. तो म्हणाला, "आजारी नाय. गनपती गेल्यापासून जेवलो नाय."

"गणपतीपासून?" कारकुनाचा रुमाल खाली आला. आता दिवाळीही होऊन गेली होती. "अहो, पण का? कशासाठी?"

महिपत डॉक्टरचं नाव आठवेपर्यंत दामाजी बोलून मोकळा झाला. "पायऱ्यांसाठी."

कारकून धावत रिक्षात बसला. संध्याकाळपर्यंत काठावर मांडव उभा राहिला, आणि त्याच्यावर फडकं लागलं: 'पायऱ्या नाहीत तर जेवण नाही'. मी बाजारातून आले तर माझा नवरा गादीवर लोडाला टेकून बसलेला, गळ्यात झेंडूची माळ. मी पाटी खाली टाकली आणि दामाजीला धरलं. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दामाजी शांतपणे म्हणाला, "वहिनी, मी खोटं काय बोललो? महिपत जेवलाय का? नाय. पायऱ्या हायेत का? नाय. दोन्ही खरंच हाय. मी निस्तं बाजूबाजूला ठेवलं."

"अवो, उठा तुमी," मी महिपतला म्हटलं.

"गोदे, चिखलात रुतलेलो मी," तो म्हणाला. "उद्या दुसरा कोन रुतंल. आनि मना जेवायचं तं नायच हाय. मंग हितं बसून न जेवलो तं काय बिघाडलं?"

मी चिडून घरी गेले आणि त्याची चौथी वाटी मांडवातच आणून दिली.

आणि इथून पुढे जे झालं त्याला काय म्हणावं मला समजत नाही. माझा नवरा भर मांडवात, साऱ्या जगासमोर, दिवसातून सहा वेळा खात होता. अंडं खात होता, कोलंबी खात होता, चिंबोरीची नांगी फोडून चोखत होता. आणि समोर बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, "बिचारा. निस्ती चिंबोरी चघलतो. आन्नाचा कन नाय पोटान." कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. दामाजीने वखारवाल्याकडून काटाच मांडवात आणला आणि फळ्यावर रोज वजन लिहायला सुरुवात केली. आकडा उतरत होता, गर्दी चढत होती. पाठिंबा म्हणून तरुण पोरांनी साखळी उपोषण धरलं. म्हणजे दुपारी जेवून यायचे, बसायचे आणि रात्री जेवायला जायचे.

टेंभी नाक्यावरून हार आले, मोहन्याहून कामगारांचं एक टोळकं घोषणा देऊन गेलं. पेपरात फोटो आला. डोंबिवलीचं एक महिला मंडळ फळ्यावरचे आकडे उतरवून घेऊन गेलं. जाताना त्यांच्या अध्यक्षीणबाईंनी दामाजीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की आम्हालाही वजन उतरवायचं आहे, तर कुठली मागणी धरली तर जास्त फरक पडतो.

शेवटी पालिकेचे मोठे साहेब आले. गोरे, चष्मा, बोलणं पुण्याचं. ते आले तेव्हा महिपत तिसरी वाटी खात होता.

साहेब थबकले. "हे काय? हे तर खात आहेत!"

"खातायत," दामाजी म्हणाला. "जेवत नायत."

"म्हणजे काय? उपोषण म्हणजे काही खायचं नसतं. ही शुद्ध फसवणूक आहे." साहेब तापले. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, सुटलो एकदाचे. हा माणूस मांडव उठवेल आणि मी माझ्या नवऱ्याला घरी नेईन.

तेवढ्यात साहेबांच्या शिपायाने त्यांचा डबा उघडून समोर ठेवला. दुपार झाली होती, आणि साहेबांना म्हणे वेळेवर लागायचं. डब्यात साबुदाण्याची खिचडी काठोकाठ, बटाट्याचा कीस, आणि राजगिऱ्याचे दोन लाडू.

"या, बसा सायेब, जेवून घ्या," दामाजी म्हणाला.

"नाही, नाही," साहेब म्हणाले. "जेवण नाही. आज चतुर्थी. माझा कडक उपवास असतो."

सगळे डब्याकडे बघायला लागले. मग महिपतच्या वाटीकडे. महिपतची वाटी साहेबांच्या लाडवाएवढी होती.

"मंग ह्ये काय?" जनाबाईने विचारलं.

"हे? हे फराळाचं," साहेब म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चमचा हवेतच थांबला. त्यांनी महिपतच्या हातातल्या कोलंबीकडे बघितलं, आपल्या खिचडीकडे बघितलं. माणूस सरळ होता, मानलं पाहिजे. चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "आलं लक्षात. यांचंही फराळाचंच चाललंय." मग तिथेच बसून दोघांनी एकमेकांसमोर आपापला उपवास केला. जाताना साहेबांनी फळ्यावरचा आकडा बघितला आणि म्हणाले की प्रकरण गंभीर आहे, मी वर बोलतो.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. पायऱ्या मंजूर. साहेब स्वतः आदेश घेऊन येणार, आणि त्यांच्या हस्ते उपोषण सुटणार. कोळीवाड्यात ढोल वाजला. जनाबाई टोप घेऊन नव्या तांदळाच्या मागे लागली. आणि उपोषण सोडायचं कशाने याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. न जेवण्याचं उपोषण जेवूनच सुटणार. ताटभर. सगळ्यांसमोर. आणि मी माझ्या नवऱ्याला ओळखत होते. इतक्या महिन्यांनी त्याच्यापुढे ताट आलं, वरून 'खा, महिपत, खा' म्हणणारं सगळं गाव, तर तो थांबणार नव्हता. त्या पुडीवरच्या पिना मला डोळ्यांसमोर दिसत होत्या. मला पायऱ्या नको होत्या. मला नवरा हवा होता.

मी डॉक्टरकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

"गोदाबाई, एक घास देऊ शकता. मऊ शिजवलेला, चावून चावून पीठ केलेला. एकच."

"एक घास म्हंजे केवढा, सायेब?"

त्याने करंगळीचं पेर दाखवलं.

"ह्यो घास नाय, सायेब. ह्ये चाखनं झालं."

"त्याच्यावर एक शीतही नाही," डॉक्टर म्हणाला. "गिळल्यावर थांबायचं. छातीत दाटलं तर लगेच माझ्याकडे आणायचं." आणि मग तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हीही बारीक झालात का हो?"

"बाजारान उन्हाचा तरास," मी म्हटलं आणि निघाले.

त्या दिवशी मांडवात मुंगीला जागा नव्हती. साहेब आदेशाचा कागद आणि मोसंबीच्या रसाचा पेला घेऊन आले. मी पुढे होऊन पेला बाजूला केला. गोड रस डॉक्टरने बंद केलेला. लोकांनाही तो नकोच होता. "रस कसला? रस म्हंजे काय जेवान हाय?" अशी ओरड झाली. जनाबाई ताट घेऊन आली. ताट कसलं, परातच. वर भाताचा ढीग, वाफ निघत होती, कडेला चिंबोरीचं कालवण. इतक्या महिन्यांनी तो वास इतक्या जवळून आला आणि मला क्षणभर काही दिसेनासं झालं.

मग घोळ सुरू झाला. साहेब म्हणाले, आधी उपोषण सोडा, मग आदेश देतो, दबावाखाली दिला असं दिसायला नको. दामाजी म्हणाला, आधी कागद. शेवटी असं ठरलं की एका हाताने घास जाईल, दुसऱ्या हाताने कागद येईल.

"घास मी देनार," मी म्हटलं आणि महिपतसमोर बसले. चार शितं घेतली, बोटांनी चुरली, पेराएवढी गोळी केली.

"ह्यो घास?" मागून कुणीतरी ओरडलं. "चिमनीला घालतेस का?" दुसरा म्हणाला, "महिपतचा घास आमी बघितलाय. त्याचा घास म्हंजे नारल." लोक घासाच्या मापावरून वाद घालायला लागले. एक म्हातारा मूठ दाखवत होता, दुसरा ओंजळ. साहेबांनी नियमात घासाची व्याख्या नाही असं जाहीर केलं. जनाबाई तर सरळ मूठभर भात कालवून पुढे सरसावली.

महिपत परातीकडे बघत होता. त्याच्या घशाची घाटी वरखाली होत होती. मी हळूच म्हटलं, "अवो, माज्याकडं बगा. त्या दिवशी दोर वडला तवा माजं हात सोलून निघालं व्हतं. आता पुन्ना नाय वडवनार मना."

त्याने परातीवरून नजर काढली. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच. आईचा हात त्याने बाजूला सारला आणि माझ्यासमोर तोंड उघडलं.

मी गोळी जिभेवर ठेवली. तो चावायला लागला. चावतोय, चावतोय. साहेबांच्या हातातला कागद अर्ध्या वाटेत थांबला होता. महिपतच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, गालावरून त्या सैल कातडीच्या वळ्यांत उतरलं, तरी चावतोय. मग त्याने गिळलं. छातीवर हात ठेवला. मी त्या हाताकडे बघत होते. एरवी देवाचं नाव घेणारी मी, पण तेव्हा एकही देव आठवला नाही.

महिपतने लहानसा ढेकर दिला.

"जेवलो," तो म्हणाला.

ढोल असे वाजले की काठावरचे बगळे उडाले. साहेबांनी कागद दिला, दामाजीने तो डोक्याला लावला, फोटोवाला पुढे आला. मी हात पुसायला उठले. तेवढ्यात जनाबाईचा आवाज आला.

"थांबा सगली. ताट तसंच हाय. वाढलेलं पान टाकून उठायचं नाय. आपशकून व्हतो. पायऱ्या वाहून जातील."

सगळे पुन्हा परातीकडे बघायला लागले. ढीग जसाच्या तसा होता, एका पेराएवढा कमी. आता हे संपवणार कोण? उपोषणाचं ताट, दुसऱ्या कुणी कसं खायचं? साखळीतली पोरं मागे सरकली, ती जेवून आली होती. साहेब म्हणाले, माझा आज गुरुवार.

महिपतने माझा हात धरला. मला वाटलं, उठायला आधार हवाय. त्याने तो हात नाकाशी नेला. त्या दिवशीसारखाच, डोळे मिटून. पण यावेळी डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच झाला होता.

"हातावर तं ह्याच घासाचा वास हाय," तो म्हणाला. "आधीचा नाय. गोदे, तू कवां जेवलीस?"

साधा प्रश्न. आमच्याकडे वाटेत भेटेल तो विचारतो. महिपतला तो रोज सगळं ठाणं विचारत होतं, पेपरवाले विचारत होते, साहेब विचारत होते. त्याची उत्तरं फळ्यावर लागत होती. मला गणपतीपासून कुणी विचारला नव्हता. मला सणसणीत काहीतरी बोलायचं होतं, तोंडात तयारही होतं. पण मी नुसती मान हलवली.

"यांचंही उपोषण होतं?" साहेबांनी दामाजीला विचारलं.

दामाजीने फळ्याकडे बघितलं. "तशी नोंद नाय."

"माजी काय मागनी नव्हती," मी म्हटलं. एवढंच तोंडातून निघालं.

महिपतने परात उचलली. पूर्वीसारखी एका हाताने नाही, दोन्ही हातांनी. ती त्याने माझ्यासमोर ठेवली आणि सरकून मला आपल्या गादीवर जागा करून दिली. झेंडूची माळ काढून माझ्या गळ्यात घालायला लागला, ती मी फेकून दिली. मग मी बसले. भात कालवला. पहिला घास तोंडात गेला आणि मला साऱ्या कोळीवाड्यासमोर हुंदका फुटला. लाज वाटली, पण हात थांबला नाही. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. पेपरात दुसऱ्या दिवशी जो फोटो आला तो याच वेळचा. तोंडात एवढा घास, डोळ्यांत पाणी, आणि खाली छापलेलं: 'कळव्यातील उपोषण समाप्त'. महिपत फोटोत कडेला होता, माझ्याकडे बघत. त्याच्या तोंडावरून वाटावं, की तोच जेवतोय.

पायऱ्या झाल्या. त्या अजून आहेत, वाहून गेलेल्या नाहीत. पण मला जे आठवतं ते त्या परातीचं. ढीग अर्ध्यावर आला तेव्हा माझ्या बाजूला कुणीतरी येऊन बसलं. बघते तर जनाबाई. लग्न होऊन आल्यापासून मी तिला वाढत होते, तिने मला एकदाही वाढलं नव्हतं. तिच्या मांडीवर टोप होता. तिने डाव भरला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "घे गो. आजून घे."

तिने वाढला, मी जेवले. तिने परत वाढला. मी एकदाही नको म्हटलं नाही.